सुंदरराव सोमवारीच निघाले

सुंदररावांच्या डोक्यावरचे केस त्यांचे स्वतःचे नव्हते. ते तिरुपतीच्या देवाचे होते, आणि ही गोष्ट कुंभकोणातल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. न्हाव्यालासुद्धा. मानेवरचे केस कापताना तो हात आखडता घ्यायचा आणि म्हणायचा, "राव, एवढंच पुरे. देवाच्या मालाला उगीच माझी कात्री नको."

त्याचं असं झालं होतं, की सुंदरराव एका पितळी भांड्यांच्या कंपनीत फिरते प्रतिनिधी होते. कार्डावर तसं छापलेलंच होतं, आणि कुणी चुकून 'भांडेवाले' म्हटलं की ते कार्ड काढून दाखवत. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस माणूस बाहेर. आज सेलम, उद्या कोइमतूर, परवा मदुरा. असंच एकदा बळ्ळारीच्या खानावळीत त्यांना विषमज्वर झाला. तार कुंभकोणला पोचली, आणि गोदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, देवघरापुढं उभं राहून सांगितलं, "बा व्यंकटेशा, ह्यांस धड घरी आण. आम्ही दोघं जोडीनं डोंगर चढून येऊ आणि ह्यांचे केस तुझ्या पायी घालू." सुंदरराव हाडांचा सापळा होऊन का होईना, परत आले. देवानं आपलं काम चोख केलं. सुंदररावांची पाळी आली तेव्हा कंपनीनं त्यांना कोइमतूरला पाठवलं.

तिथून जे लांबत गेलं ते गेलंच. कधी दिवाळीचा माल, कधी लग्नसराई, कधी मुदलाळींचा पाय मुरगळलेला. मुदलाळी म्हणजे कंपनीचे मालक. मध्यंतरी वसंताचं, म्हणजे लेकीचं, लग्न झालं, ती सेलमला गेली, घर रिकामं झालं, तरी तिरुपती राहिलीच. एवढंच काय, आंध्र वेगळा झाला, आणि आपल्याच इलाख्यातली तिरुपती बघता बघता परक्या राज्यात गेली! आणि इकडे केस गळायला लागले. आधी कपाळाकडून, मग मधून. नवसाचा माल डोळ्यांदेखत कमी होत होता. सुंदरराव आरशासमोर उभे राहिले की उरलेले केस चाचपून बघत. देवाला काय दाखवायचं? कानाजवळची झालर?

गोदाबाईंची काळजी निराळी होती. नवस फेडल्याशिवाय फिरणारा माणूस वाटेत उघडा पडतो, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. सुंदरराव गाडीत बसले की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. "पुन्हा बळ्ळारीसारखं झालं तर मी कोणत्या तोंडानं देवाला सांगू?" असं त्या म्हणत. पूर्वी म्हणत. हल्ली काहीच म्हणत नसत. नुसती पिशवी भरून देत. सुंदररावांना हे न बोलणं फार लागायचं. बायको भांडली की माणसाला निदान तोंड तरी उघडता येतं.

तर त्या वर्षी पोंगल झाल्यावर सुंदररावांनी धीर करून रजा मागितली आणि मुदलाळींनी ती चक्क दिली. बुधवारपासून शनिवारपर्यंत. सुंदरराव घरी आले ते जवळजवळ पळतच. गोदाबाईंनी ऐकलं, पदरानं डोळे टिपले, भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं आणि मट्कन खाली बसल्या.

"बुधवारी? बुधवारी उत्तरेस शूळ!"

तिरुपती उत्तरेला, आणि मंगळवार-बुधवार उत्तरेला दिशाशूळ, म्हणजे त्या वारी तिकडं निघणं अशुभ. एरवी कंपनीच्या कामासाठी सुंदरराव कोणत्याही वारी कोणत्याही दिशेला जात. मुदलाळींच्या आज्ञेपुढं शूळ बोथट होत असावा. पण देवाच्या कामाला शूळ घेऊन जायचं म्हणजे काय?

बातमी गल्लीभर व्हायला वेळ लागला नाही. उत्तरेकडच्या घरातले राजगोपाल अय्यर ओट्यावर बसूनच म्हणाले, "सुंदरराव, कशाला एवढा खटाटोप? इथं तिरुनागेश्वरम् शेजारी ओप्पिलियप्पन आहे ना! तिरुपतीच्या देवाचा थोरला भाऊच तो. तिरुपतीचा नवस तिथं फेडला तरी चालतो. सकाळी जायचं, डोकं करायचं, जेवायला घरी."

हे ऐकून सुंदररावांचा चेहरा एवढा उजळला, की गोदाबाईंना तो आतून दिसला. "नक्को!" त्या स्वयंपाकघरातूनच कडाडल्या. "एकाकडं मागायचं आणि भावाकडं नेऊन द्यायचं? तुमचे मुदलाळी चालवून घेतील का असं?"

आता राहिले अप्पाजी. अप्पाजी म्हणजे गोदाबाईंचे मामा. दक्षिणेकडच्या घरात राहत. कोर्टातून निवृत्त झाले होते, पण निकाल देण्याची सवय गेली नव्हती. आमच्या ह्या तंजावरकडच्या लोकांची मराठी शिवाजीमहाराजांच्या काळात घरून निघाली ती परत गेलीच नाही. हुबळीच्या एका व्यापाऱ्यानं सुंदररावांना सांगितलं होतं, 'राव, तुम्ही बोलता की बखर वाचून दाखवता?' तर भाषेसारखेच जुने रिवाजही तिथं जसेच्या तसे राहिले होते, आणि ते सगळे अप्पाजींच्या डोक्यात होते.

"एवढंच ना?" अप्पाजी पान लावत म्हणाले. "सोमवारी परस्थान ठेव."

परस्थान म्हणजे असं: निघायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं एक गाठोडं, त्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि आपली एखादी वस्तू बांधून, जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग खरा माणूस नंतर वाईट दिवशी गेला तरी हरकत नाही, कारण तो आधीच गेलेला असतो. तुम्ही हसाल, पण सुंदररावांना ही कल्पना फार आवडली. आयुष्यभर फिरूनही, घरात बसून प्रवास करता येतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि बायकोचं?" त्यांनी विचारलं.

"ती नवऱ्यामागून आपोआप निघते. वेगळं नक्को. मात्र वस्तू जिवाजवळची पाहिजे. मन लटकलेलं पाहिजे तिच्यात. गोदे, ह्याचा जीव कशात आहे?"

सुंदररावांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, आता ही लाजेल आणि विषय बदलेल. गोदाबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही.

"टाइमटेबलात," त्या म्हणाल्या.

रेल्वेचं ते टाइमटेबल सुंदररावांच्या कोटाच्या खिशात कायम असायचं. झोपताना उशाखाली. ते गेलं. सुंदरराव "अगो, ते नको, कंगवा घे," म्हणेपर्यंत गोदाबाईंनी तांदळात खुपसून वर गाठ मारली होती. आणि परस्थानाची गाठ प्रवास सुरू होईपर्यंत सोडायची नसते.

सोमवारी सकाळी मुहूर्तावर गाठोडं राजगोपाल अय्यरांच्या घरी गेलं. त्यांच्या पत्नी त्रिपुरसुंदरी, ज्यांना सगळी गल्ली मामी म्हणायची, त्यांनी ते कुंकू लावून कोनाड्यात ठेवलं. सुंदरराव हात झटकून घराकडे वळले, तर दारात अप्पाजी काठी आडवी धरून उभे.

"कुठं?"

"घरात. कॉफी—"

"तू निघालास! निघालेला माणूस काम केल्याशिवाय परत उंबरा चढला की यात्रा मोडली. बुधवारपर्यंत तिंगंच राहायचं."

तिंगं म्हणजे अय्यरांच्या ओट्यावर. स्वतःचं घर हाकेच्या अंतरावर दिसतंय, आतून आपल्याच कॉफीचा वास येतोय, आणि आपण परगावी! सुंदररावांचा दंतमंजनाचा डबा आत, छत्री आत. त्यांनी दोनदा "गोदा, माझी छत्री—" अशी हाक मारली. गोदाबाईंनी वळूनही पाहिलं नाही; निघालेल्या माणसाशी मागून बोलू नये. जेवण मात्र त्या मामींच्या हाती पाठवत होत्या. सुंदरराव तिथूनच ऑफिसला गेले आणि तिथंच परत आले. अय्यर रात्रभर घोरतात हे ज्ञान त्यांना प्रवासात मिळालं. शिवाय सगळी गल्ली जाता-येता विचारायची, "काय राव, तिरुपती कशी आहे?" प्रतिनिधीच्या प्रतिष्ठेला हे शोभणारं नव्हतं.

मंगळवारी दुपारी ते जेवायला ओट्यावर आले होते. वर्तमानपत्र तोंडापुढं धरून पडले होते, तेवढ्यात कंपनीचे हिशेबनीस व्यंकटरमण सायकल टेकवून त्यांच्या घराच्या दारात उभे राहिले. हे व्यंकटरमण सुंदररावांच्या रजेवर पहिल्यापासून जळत होते.

"सुंदरराव आहेत का?"

गोदाबाई दारात आल्या. खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. 'आहेत' म्हणावं तर परस्थान मोडतं. त्यांनी खरं तेच सांगितलं.

"ते गावात नाहीत. तिरुपतीस निघाले."

"निघाले? कधी?"

"काल सकाळीच."

"पण काल तर ऑफिसात—" व्यंकटरमणांचा आवाज चढला.

वर्तमानपत्रामागं सुंदररावांनी श्वास रोखून धरला. आणि काय सांगावं, अय्यरांनी नेमकी त्याच वेळी तपकिरीची डबी उघडली. सुंदररावांना शिंक आली. साधीसुधी नव्हे, वर्तमानपत्राचं मधलं पान सुटून रस्त्यावर गेलं. व्यंकटरमणांनी ते पान उचललं, नीट घडी घातली आणि ओट्यापाशी येऊन सुंदररावांच्या हातात दिलं.

"तिरुपती फारच जवळ आली की हो!" ते म्हणाले. "मुदलाळींनी बोलावलंय. वाटेत पडलं तर येऊन जा."

मुदलाळींना खोटं बोलणारा माणूस खपत नसे. जाईपर्यंत वाटभर सुंदररावांनी परस्थानाचं स्पष्टीकरण मनात घोकलं, आणि मुदलाळींसमोर उभं राहून एका दमात म्हणून दाखवलं. मुदलाळी कपाळभर विभूती लावणारे, भाविक गृहस्थ. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि हात जोडले.

"परस्थान ठेवलंत? उत्तम केलंत. आमचे आजोबाही ठेवत. म्हणजे तुम्ही सोमवारी निघालात."

"होय, मुदलाळी," सुंदररावांच्या जिवात जीव आला.

"मग रजा सोमवारपासून धरू. गुरुवारी संपते. शुक्रवारी सकाळी कामावर."

"मुदलाळी, पण काल मी काम केलं! आजही! परस्थान म्हणजे काही खरं जाणं नव्हे. नुसतं गाठोडं. मी तर अजून इथंच—"

"खरं गेला नाहीत?"

"नाही, मुदलाळी!"

"वा. मग आज संध्याकाळच्या गाडीनं मदुरेला जा," मुदलाळी म्हणाले. "तिथल्या चेट्टियारांची मोठी मागणी आहे, मुलीच्या लग्नाची भांडी. तुमच्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही म्हणतात. उद्या दुपारपर्यंत परत याल, रात्री खुशाल तिरुपतीला निघा."

निघालो म्हणावं तर रजा जाते, नाही म्हणावं तर मदुरा येते! शेजारी व्यंकटरमण पेन्सिलीला टोक काढत होते.

घरी, म्हणजे अय्यरांच्या ओट्यावर, येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा गोदाबाई आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. नुसतं म्हणाल्या, "बरं," आणि आत गेल्या. ते "बरं" सुंदररावांच्या छातीत जाऊन बसलं.

"मी उद्या दुपारी येतो गो!" ते रस्त्यावरूनच ओरडले. "तू ट्रंक भरून तयार राहा! चेट्टियार माझ्या ओळखीचे आहेत! येतो म्हणजे येतो!"

अप्पाजी तर संतापलेच. उत्तरेला निघालेला माणूस दक्षिणेला कसा जाईल? मधूनच फाटेल! पुष्कळ विचार करून त्यांनी तोड काढली. दक्षिणेकडे, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरी, दुसरं परस्थान ठेवायचं. त्यात सुंदररावांचा कंगवा गेला. आता सुंदरराव एकाच वेळी दोन्ही दिशांना निघालेले होते, आणि स्वतः मात्र बिनछत्रीचे, बिनकंगव्याचे, बिनटाइमटेबलाचे गल्लीच्या मधोमध उभे होते. मामींनी बिचाऱ्यांना दहीभाताचा डबा दिला.

मदुरेला ते बुधवारी सकाळी पोचले आणि थेट चेट्टियारांच्या पेढीवर गेले. चेट्टियार म्हणाले, बसा, यमगंड चालू आहे, ह्या वेळात बोलणी नको. यमगंड संपला तेव्हा चेट्टियार स्नानाला गेले. स्नान झालं, पूजा झाली, चेट्टियार गंध लावून बाहेर आले आणि घड्याळाकडे पाहून म्हणाले, अरेरे, राहुकाल लागला. राहुकाल संपला तेव्हा त्यांची जेवणं झाली होती आणि जेवणावर त्यांना झोप लागली होती. सुंदरराव पेढीवर बसून आपल्या गुडघ्यांवर ताल धरत होते. कुंभकोणात आता गोदा ट्रंकेला कुलूप लावत असेल. आता वेणी घालत असेल. आता दारात येऊन डोकावत असेल. शेवटी चेट्टियार जागे झाले, आणि सगळी मागणी त्यांनी कॉफी पिता पिता सांगून टाकली. एवढं काम होतं!

सुंदरराव स्टेशनावर धावले तर सोयीची गाडी नुकतीच गेलेली. पुढची कोणती, ते टाइमटेबलात होतं. टाइमटेबल तांदळात होतं. विचारत विचारत ते तिरुचिरापल्लीपर्यंत आले, आणि तिथं एका फलाटावर भरलेली गाडी पाहून त्यांनी खिडकीतल्या माणसाला विचारलं, "ही आमच्या बाजूला जाते ना?" आता 'आमच्या बाजूला' म्हणजे कुठल्या, हे त्या माणसाला कसं कळावं? तो सरळ मनाचा होता. "जाते, जाते, चढा," म्हणाला. सुंदरराव चढले. तंजावर यायची वाट बघत बसले. आलं ते अरियलूर.

गाडी मधल्या मार्गानं विळुपुरम्कडे चालली होती. कुंभकोण कुठल्या कुठं बाजूला राहिलं होतं. सारं आयुष्य रेल्वेत गेलेला माणूस, आणि नव्या नवऱ्यामुलासारखा चुकीच्या गाडीत बसला! पण सुंदररावांना घाम फुटला तो त्याचा नव्हे. ही गाडी उत्तरेला जात होती. विळुपुरम् आलं की तिरुपतीची वाट. म्हणजे मामींच्या कोनाड्यातलं गाठोडं त्यांना ओढत होतं. आपण एकटेच नवसाला पोचणार आणि गोदा तिकडं ट्रंकेवर बसून राहणार! जोडीनं येऊ म्हणून सांगितलेल्या देवापुढं एकटं उभं राहण्याच्या भीतीनं त्यांनी गाडी पुरती थांबायच्या आत उडी टाकली. चप्पल आतच राहिली. एकच, पण उजवी.

तिथून परत तिरुचिरापल्ली, तिथून पुढची गाडी, आणि गुरुवारी सकाळी सुंदरराव एक चप्पल हातात धरून आपल्या गल्लीत शिरले. बोलायचं सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. गोदा रडेल, मग ओरडेल, मग आपण चेट्टियारांच्या झोपेचं सांगू. पण घराला कुलूप होतं.

"मामी!" ते अय्यरांच्या ओट्याकडे धावले. "गोदा कुठाय?"

त्रिपुरसुंदरी मामी दारात आल्या. "गोदा गावात नाही," त्या म्हणाल्या.

गोदाबाई त्यांच्या मागेच खांबाला टेकून वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"अहो, ही काय—"

"तिरुपतीला निघाली. आज सकाळीच," मामी म्हणाल्या. "परस्थान ठेवलंय तिनं. आता काम झाल्याशिवाय उंबरा चढायची नाही. किल्ली हवी तर ही घ्या. चूल थंड आहे."

सुंदररावांनी गोदाबाईंकडे पाहिलं. त्या शेंगा सोलत होत्या. मागून बोलू नये, म्हणून ते समोर गेले. गोदाबाईंनी तोंड फिरवलं. काल संध्याकाळी त्या पातळ नेसून, वेणी माळून, ट्रंकेवर बसून होत्या, असं मामींनी सांगितलं. गाडीची शिट्टी लांब जाईपर्यंत बसल्या. मग उठून वेणी काढली.

काठी टेकत अप्पाजी आले. "मी सांगितलं तिला, गुरुवारी उत्तरेस शूळ नाही, परस्थानाची गरजच नाही. ऐकेना."

"गुरुवारी शूळ नाही?" सुंदरराव किंचाळले. "म्हणजे मी आधीच गुरुवारी निघायचं म्हटलं असतं, तर हे काहीच—"

"काहीच नक्को होतं."

"मग मामा, तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू बुधवारचं विचारलंस," अप्पाजी म्हणाले.

दक्षिणेचं काम तर झालं होतं, तेव्हा उंबरा चढायला हरकत नाही असं ठरवून सुंदरराव किल्ली घेऊन घरात गेले. स्वतःच्या घरात चौथ्या दिवशी पाय ठेवला, तर घर सुनं. घागर उपडी. त्यांनी तोंड धुतलं आणि बदलायला आपला निळा सदरा शोधला. तो जुना, कोपराला ठिगळ लावलेला सदरा ते घरी असले की घालत. खुंटीवर नव्हता, दोरीवर नव्हता, पेटीत नव्हता. ते बाहेर आले.

"मामी, माझा निळा सदरा कुठं दिसला का?"

मामी जरा घुटमळल्या. "गाठोड्यात आहे," त्या म्हणाल्या. "जिवाजवळची वस्तू पाहिजे ना. मी म्हटलं, नथ घाल, नाहीतर लग्नातलं रेशमी पातळ घाल. तर तिनं ते ठिगळ बांधून आणलं."

सुंदरराव ओट्याच्या पायरीवर बसले. सोमवारी हिनं 'टाइमटेबल' म्हटलं तेव्हा त्यांना राग आला होता. आता राग आला तो स्वतःचा, कारण तिचं चुकलं नव्हतं. त्यांना फार लाज वाटली, आणि अय्यर समोर बसलेले असताना ती दिसू नये म्हणून ते उजव्या पायाची धूळ झटकत बसले.

मग ते खांबाकडे बघत म्हणाले, "मामी, गोदेस विचारा, आज उत्तरेकडं गाडी आहे का. माझं टाइमटेबल तर तांदळात आहे."

मामींनी विचारायच्या आधीच शेंगांकडे बघत गोदाबाई बोलायला लागल्या.

"दुपारची आहे. मायावरम्, चिदंबरम्, कडलूर, विळुपुरम्. तिंगं उतरून काटपाडीची गाडी. ती बहुतेक उशिरानं येते. मग पुढं तिरुपती."

सुंदरराव बघतच राहिले. "तुला गो कसं ठाऊक?"

"तुम्ही जाता," गोदाबाई म्हणाल्या, "तेव्हा मी तुमच्याबरोबर स्टेशनं मोजते. आता हे अमक्या ठिकाणी पोचले असतील, आता तमक्या. जाताना मोजते, येताना मोजते. तुम्ही झोपत असाल गाडीत. मी कधी झोपले?" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या भांडल्या. चांगल्या भांडल्या. बळ्ळारीपासून सुरुवात करून मुदलाळींच्या मुरगळलेल्या पायापर्यंत त्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. अय्यर तपकीर ओढायची विसरले. सुंदररावांच्या छातीवरचं ते 'बरं' त्या एकेका वाक्यासरशी उतरत गेलं.

बोलणं संपलं तेव्हा सुंदररावांनी कंपनीची पिशवी उचलली, चेट्टियारांच्या मागणीचा कागद वर ठेवला आणि ती अय्यरांच्या हातात दिली. "व्यंकटरमण येतील," ते म्हणाले. "त्यांना द्या."

व्यंकटरमण संध्याकाळी आलेच. "सुंदरराव आहेत का?"

"गावात नाहीत," मामी म्हणाल्या. "सोमवारीच निघालेत."

व्यंकटरमणांनी ओट्याचा एकेक खांब मागून पाहिला, माळ्याच्या शिडीवर चढून आले, शेवटी अय्यरांच्या हातातलं वर्तमानपत्रसुद्धा खाली करून पाहिलं. त्यावर मुदलाळी काय म्हणाले, आणि रजा कुठून कुठवर धरली, हे सुंदररावांना पुढं सोमवारी यथास्थित ऐकून घ्यावं लागलं. पण त्या वेळी ते कडलूरच्या पुढं होते, आणि गोदाबाई गाडीच्या खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. सुंदरराव एकटेच स्टेशनं मोजत होते.

डोंगरावर केशदानाच्या जागी न्हावी पाणी लावायला पुढं झाला आणि थबकला. त्यानं सुंदररावांचं डोकं एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. कुठून सुरुवात करावी हे त्याला समजेना.

"अम्मा," तो गोदाबाईंना म्हणाला, "बाकीचे केस कुठं गेले?"

सुंदररावांनी लाजेनं डोळे मिटून घेतले. गोदाबाई मात्र गर्भगृहाच्या दिशेनं हात जोडून शांतपणे म्हणाल्या, "ते आधीच निघाले होते."